थॉमस जेफरसन यांचे घर, माँटिचेलो : तीन पिढ्यांनी मिळून जाण्याविषयी माहिती हवी आहे

रानजाई

नमस्कार. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो आणि सध्या साताऱ्याहून सासूसासरे आमच्याकडे आले आहेत. सासऱ्यांनी हयातभर शाळेत इतिहास शिकवला. नायगारा आणि न्यूयॉर्क आम्ही दाखवले म्हणून त्यांनी पाहिले. स्वतःहून मात्र त्यांनी एकच ठिकाण सुचवले आहे, ते म्हणजे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे व्हर्जिनियातील घर. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाची बसण्याची खोली पाहायची आहे, असे ते म्हणतात. मुलगी सातवीत आहे आणि मुलगा आठ वर्षांचा आहे.

पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि घर तर डोंगरमाथ्यावर आहे. त्यांना ते झेपेल का, की जवळचे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन बरे पडेल?

दुसरा प्रश्न अवघड आहे. माँटिचेलोला गुलामगिरीविषयी आणि सॅली हेमिंग्ज यांच्याविषयी, म्हणजे जेफरसन यांच्या मालकीच्या ज्या स्त्रीला त्यांच्यापासून मुले झाली असे सांगतात तिच्याविषयी, पुष्कळ मोकळेपणाने बोलतात, असे ऐकले. आठ वर्षांच्या मुलासमोर आणि सासऱ्यांसमोर हे सगळे एकाच दुपारी ऐकण्याची मला धास्ती वाटते. या खेपेला घर आणि बाग मनसोक्त पाहावी, बाकीचे मुलगा मोठा झाल्यावर पाहू, असा माझा कल आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया लिहावे.

पांथस्थ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. गाडी डोंगराच्या पायथ्याशी अभ्यागत केंद्रापाशी ठेवायची असते आणि तिथून वर जायला बस असते, त्यामुळे चढण्याचा प्रश्न येत नाही. घराच्या नेहमीच्या फेरीत तळमजला दाखवतात, आणि तो बेताने चालणाऱ्या माणसालाही जमण्यासारखा आहे. वरच्या मजल्यांची आणि घुमटाखालच्या खोलीची फेरी वेगळी असते. तिच्या वाटेला सासूबाईंना नेऊ नका. जेफरसन यांना भव्य जिना म्हणजे जागेची उधळपट्टी वाटत असे, म्हणून त्यांनी जिने दोन फूट रुंदीचे आणि चांगलेच उभे केले आहेत. तिकिटांवर वेळ ठरलेली असते, ती आधीच घेऊन ठेवा. ऑक्टोबरमध्ये झाडांचे रंग पाहायला आणि शेजारच्या कार्टर माउंटनवर सफरचंदे तोडायला अवघी वॉशिंग्टननगरी तिकडे लोटते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा.

परतताना उतार असल्याने धडधाकट मंडळींनी बस न घेता पायवाटेने उतरावे. वाटेत जेफरसन यांची समाधी लागते.

तिखटमीठ

पाच सेंटच्या नाण्याच्या मागच्या बाजूला १९३८ सालापासून हेच घर आहे. सासूबाईंच्या हातावर एक नाणे ठेवा आणि दर्शन झाले असे समजा, गुडघेही वाचतील आणि तिकीटही.

देवराई

मुलगा आठ वर्षांचा आहे ना, मग त्याला प्रवेशदालनातच अर्धा तास लागेल. दाराच्या वर जेफरसन यांनी स्वतः आखणी करून बनवून घेतलेले मोठे घड्याळ आहे. त्याला दोन तबकड्या आहेत, एक आत आणि एक बाहेर. बाहेरच्या तबकडीला फक्त तासकाटा आहे, कारण शेतात राबणाऱ्यांना मिनिटे कळण्याची गरज नाही, असा हिशोब. घड्याळ चालते ते दोरांना टांगलेल्या लोखंडी गोळ्यांच्या वजनावर. गोळे आठवडाभर हळूहळू खाली येत राहतात, आणि भिंतीवर वारांची नावे लावलेली असल्यामुळे गोळा कुठवर आला हे पाहून आज वार कोणता ते कळते. गंमत अशी झाली की दालनाची उंची आठवड्याला पुरली नाही. मग त्यांनी सरळ जमिनीला भोक पाडले आणि शनिवारची खूण तळघरात गेली. मुलाला त्या भोकापाशी उभे करून खाली डोकावू द्या.

पुढच्या दिवाणखान्याला काचेचे दुहेरी दार आहे. एक पाखे ढकलले की दुसरे आपोआप उघडते, कारण जमिनीखालून दोन्हींना जोडणारी साखळी आहे. भोजनगृहात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लहान कपाटे आहेत आणि त्यांतून तळघरातील मद्याच्या बाटल्या वर खेचता येतात. त्यांचा पलंग तर शयनगृह आणि अभ्यासिका यांच्यामधल्या कोनाड्यात बसवलेला आहे. एका बाजूने उतरले की कपडे, दुसऱ्या बाजूने उतरले की टेबल. सासऱ्यांना पाहायची आहे ती खोली हीच. मात्र जाहीरनामा त्यांनी इथे लिहिलेला नाही, तो १७७६ साली फिलाडेल्फियात भाड्याच्या खोलीत लिहिला, हे त्यांना ठाऊक असेलच.

उंबरठा

देवराई, तुमचे वर्णन सुंदर आहे, पण ते वाचताना मला सारखे वाटत होते की तळघरात उभे राहून ती बाटली कपाटात ठेवणारे कोणीतरी होतेच. या घरातील बहुतेक युक्त्या, काम करणारा माणूस पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये यासाठी आहेत. भोजनगृहात फळ्या लावलेले एक फिरते दारही आहे. पलीकडून ताटे ठेवायची आणि दार फिरवायचे, म्हणजे वाढणारा आत येतच नाही. स्वयंपाकघर, कोठ्या, बर्फाची खोली हे सारे घराच्या दोन बाजूंच्या गच्च्यांखाली लपवलेले आहे. वरून पाहणाऱ्याला फक्त हिरवळ आणि निळे डोंगर दिसतात.

म्हणून रानजाईताई, 'घर आधी, बाकीचे नंतर' ही विभागणी मला जमणारी वाटत नाही. आयुष्यभरात जेफरसन यांच्या मालकीची सहाशेहून अधिक माणसे होती. विटा त्यांनी भाजल्या, लाकूडकाम त्यांनी केले. जॉन हेमिंग्ज या सुताराच्या हातचे काम आजही तिथे दाखवतात. जेम्स हेमिंग्ज यांना पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकवला गेला आणि १७९६ साली त्यांना मुक्त केले, तेही आपली विद्या धाकट्या भावाला शिकवल्यानंतर. ही माणसे वगळून ते घर पाहायचे म्हटले, तर नेमके काय पाहायचे?

कोरा_कागद

माझे मत वेगळे आहे. कोणी मला लगेच प्रतिगामी ठरवू नये, एवढी विनंती. माणूस राष्ट्राध्यक्षाचे घर पाहायला जातो तो त्याचे कर्तृत्व समजून घेण्यासाठी. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, फ्रान्सकडून लुइझियाना प्रदेशाची खरेदी, व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना हे सगळे बाजूला पडते आणि घरी परतणाऱ्या मुलाच्या डोक्यात फक्त 'हा माणूस वाईट होता' एवढेच उरते. अठराव्या शतकातील माणसाला एकविसाव्या शतकाच्या तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते. आपण शनिवारवाडा पाहायला जातो तेव्हा तिथे पाणी कोण भरत होते, असे विचारतो का?

सॅली हेमिंग्ज यांच्या बाबतीतही १९९८ च्या डीएनए चाचणीने एवढेच सिद्ध होते की त्यांच्या एका मुलाचा पिता जेफरसन घराण्यातील कोणी पुरुष होता. तो थॉमस होता, असे चाचणी सांगत नाही.

उंबरठा

शनिवारवाड्यात पाणी कोण भरत होते हे आपण विचारत नाही, ही आपलीच उणीव म्हणावी लागेल. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. विचारले तर उत्तर मिळण्यासारखे आहे.

चाचणीविषयी तुम्ही लिहिले ते अक्षरशः खरे आहे, पण पुरावा तेवढाच नाही. सॅली यांच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफरसन माँटिचेलोतच होते, हे त्यांच्याच नोंदींवरून दिसते. राजकारणामुळे ते महिनोन्महिने घराबाहेर असत, तरीही हा मेळ एकदाही चुकत नाही. त्यांचे घर सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली स्वतः अहवाल देऊन हे नाते मान्य केले आणि २०१८ साली घराच्या दक्षिणेकडील भागात सॅली यांच्यासाठी एक दालन उघडले. त्यांचे एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणून भिंतीवर एक सावली आणि मुलाने सांगितलेल्या आठवणींतील वाक्ये एवढ्यावरच ते दालन उभे केले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सॅली या जेफरसन यांच्या पत्नीच्या सावत्र बहीण, म्हणजे सासऱ्यांना गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. १७८७ साली चौदा वर्षांच्या असताना त्या जेफरसन यांच्या धाकट्या मुलीला घेऊन पॅरिसला गेल्या. तेव्हा जेफरसन विधुर होते आणि तिथे अमेरिकेचे राजदूत होते. फ्रान्समध्ये सॅली यांना कायद्याने स्वातंत्र्य मागता आले असते. त्यांचे पुत्र मॅडिसन यांनी सांगितले आहे की, होणारी मुले एकविसाव्या वर्षी मुक्त करीन, असे वचन घेऊनच आई परत आली. चार मुले जगली आणि चौघेही पुढे मुक्त झाले. सोळा वर्षांच्या मुलीने एवढ्या थोर मुत्सद्द्याशी केलेला हा करार मला तरी त्यांच्या कोणत्याही तहापेक्षा कमी वाटत नाही.

परसबाग

दोघांनी जरा श्वास घ्यावा, तोवर मी सासूबाईंची सोय करते. घराच्या दक्षिण उतारावर हजार फूट लांबीची भाजीची बाग आहे, दगडी बांध घालून सपाट केलेली आणि दिवसभर ऊन खाणारी. जेफरसन यांनी भाज्यांचे तीनशेहून अधिक प्रकार लावून पाहिले आणि कोणते बी कधी पेरले, कधी उगवले, कधी पानात पडले याच्या नोंदी ठेवल्या. मटार त्यांचा सर्वांत आवडता. वसंतात पहिला मटार कोणाच्या घरी येतो यावर शेजाऱ्यांमध्ये पैज लागत असे. उन्हाळ्यात गेलात तर भेंडी आणि वांगी पाहून सासूबाई तिथेच ठाण मांडतील. माझ्या आईने शेंग हातात धरून, देठाकडून वाकवून 'ही जून झाली, परवाच तोडायला हवी होती' असा निकाल तिथल्या माळ्याला मराठीतून ऐकवला होता, आणि तो बिचारा मान डोलावत होता.

तीळही त्यांनी मोठ्या हौसेने लावले, तेलासाठी. भेंडी काय आणि तीळ काय, अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांची लागवड रुजली ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांमुळे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. गुलाम कुटुंबे आपल्या झोपडीभोवती रात्री किंवा रविवारी स्वतःचा भाजीपाला पिकवत आणि तो मोठ्या घराला विकत. जेफरसन यांच्या नातीने १८०५ ते १८०८ या काळात त्याचा हिशोब लिहून ठेवला आहे: कोणाकडून काकड्या, कोणाकडून कोबी, कोणाकडून अंडी, आणि प्रत्येकाला किती पैसे दिले. हजार फुटांची बाग असूनही घर या लोकांकडून भाजी विकत घेत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिखटमीठ

तिथल्या दुकानात जुन्या वाणांच्या बिया विकत मिळतात. सासूबाई साताऱ्याला नेण्यासाठी पिशवी भरतील, तेव्हा विमानतळावरील तपासणीचा विचार आधीच करून ठेवा.

वाचस्पती

सासरे शिक्षक आहेत, म्हणून एक जोडसहल सुचवतो. १८१४ साली इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळले, त्यात संसदेचे ग्रंथालयही गेले. तेव्हा जेफरसन यांनी आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरना संसदेला विकला. त्यातील दोन तृतीयांश पुस्तके पुढे १८५१ च्या आगीत गेली, पण उरलेली आणि त्याच आवृत्त्यांच्या मिळवलेल्या प्रती वॉशिंग्टनच्या त्या ग्रंथालयात गोलाकार मांडून ठेवल्या आहेत. माँटिचेलोच्या अभ्यासिकेत एकाच वेळी पाच पुस्तके उघडी ठेवता येतील अशी फिरती घडवंची आहे. ती पाहून नंतर तो संग्रह पाहिला, तर माणूस पुरता समजतो.

या विक्रीमागे देशप्रेम होते, तसे कर्जही होते. उंची मद्य, सततचे पाहुणे, बांधून पाडून पुन्हा बांधलेले घर, सासऱ्यांकडून आलेले देणे आणि मित्राला दिलेला जामीन अशा सगळ्यांतून १८२६ साली ते गेले तेव्हा एक लाख सात हजार डॉलरचे कर्ज मागे राहिले. मृत्यूही ४ जुलैला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, आणि त्याच दिवशी तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सही वारले.

उंबरठा

वाचस्पतींनी कर्जाचा विषय काढला, तर ते फेडले कोणी हेही लिहायला हवे. जानेवारी १८२७ मध्ये त्याच हिरवळीवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. मृत्युपत्राने पाच पुरुष मुक्त झाले होते. जो फॉसेट हे लोहार त्यांपैकी एक. ते मुक्त झाले, पण त्यांची पत्नी इडिथ, जिने राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच स्वयंपाक शिकून पुढे या घराचे स्वयंपाकघर चालवले, ती आणि मुले लिलावात गेली. पीटर हा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १९०० साली, म्हातारपणी, पाहुणा म्हणून समोरच्या दाराने माँटिचेलोत आला.

मध्यममार्गी

माउंट व्हर्ननविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. वॉशिंग्टनपासून ते जवळ आहे, पोटोमॅक नदीकडे तोंड केलेल्या ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि ज्येष्ठांना तिथे बसून नदी पाहणे फार आवडते. बाहेरून दगडी दिसणारे घर प्रत्यक्षात पाइनच्या फळ्यांचे आहे. ओल्या रंगावर वाळू मारून तो आभास आणला आहे. आत बास्तीय तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे, ती फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी वॉशिंग्टन यांना भेट दिली होती. हे घर सरकारने वाचवले नाही. देशभरातील स्त्रियांनी वर्गणी गोळा करून १८५८ साली दोन लाख डॉलरला विकत घ्यायचा करार केला आणि त्यांचीच संस्था आजही ते चालवते.

कोरा_कागद यांच्या तराजूच्या मुद्द्यासाठीही हे घर उपयोगी आहे. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तरतूद केली. पत्नीच्या माहेरच्या नव्हे, तर तिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेली १५३ माणसे त्यांना कायद्याने मुक्त करता येत नव्हती, ती तशीच राहिली. शतक तेच, प्रांत तोच, वर्गही तोच. तेव्हा अठराव्या शतकाचा तराजू वापरला तरी जेफरसन यांचे पारडे जड होत नाही.

कोरा_कागद

मध्यममार्गी, हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो उंबरठा यांच्या आवेशापेक्षा अधिक पटला. तरीही माझा मूळ आक्षेप कायम आहे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात जेफरसन यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद लिहिला होता, तो इतर प्रतिनिधींनी काढून टाकला. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी १८०८ पासून तो लागू झाला. मुलांना सांगायचे तर हेही सांगा.

उंबरठा

अवश्य सांगावे. मी तर म्हणेन की त्यांना चूक कळत होती हे सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्णच होत नाही.

आता आपल्याकडचा एक दुवा. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली. मॅडिसन हेमिंग्ज यांनी आपल्या आईची कहाणी ओहायोतील एका वर्तमानपत्राला सांगितली, तेही १८७३ सालीच. पुण्यात बसलेला एक माणूस त्या देशाकडे आशेने पाहत होता, आणि त्याच वर्षी त्या देशातील एक सुतार आपण राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आहोत हे छापून आणत होता. रानजाईताई, सासरे इतिहासाचे शिक्षक आहेत आणि साताऱ्याचे आहेत. फुले यांचे नाव काढलेत तर तुम्हाला वाटते तेवढे अवघड जाणार नाही.

आडवाट

वेळ असेल तर आणखी दोन घरे. माँटिचेलोपासून अगदी जवळ, पाचवे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचे हायलँड आहे. तिथे वर्षानुवर्षे लोकांना ज्या घरातून फिरवत होते ते मन्रो यांचे मुख्य घर नव्हतेच, ते पाहुण्यांचे घर होते, असे उत्खननात निघाले आणि संस्थेने २०१६ साली ते जाहीर केले. दुसरे, तासाभराच्या आत, चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचे माँटपेलिअर. तिथल्या तळघरातील प्रदर्शन मुलांनी पाहावे असे आहे. भिंतीच्या विटांत ओल्या मातीवर उमटलेले बोटांचे ठसे दिसतात, आणि ते इतके लहान आहेत की मुलांचेच असावेत. माझ्या पुतणीने आपले बोट त्या खळग्याजवळ नेऊन पाहिले, आणि मग मला गुलामगिरीवर वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

सांजवात

मी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे वळते, कारण तो या चर्चेत मागे पडला आहे.

आठ वर्षांच्या मुलाला अन्याय फार लवकर कळतो. त्याला सॅली यांच्याविषयी सगळे सांगण्याची गरज नाही. 'त्या इथे राहत, त्यांना इथून निघून जाण्याची मुभा नव्हती, आणि त्यांच्या मुलांचे वडील या घराचे मालक होते' एवढे पुरे आहे. पुढचे तो विचारील तेव्हा आणि विचारील तेवढेच सांगावे. सातवीतल्या मुलीला मात्र त्या दालनात निवांत वेळ द्या आणि तिच्या मागे उभे राहून समजावून सांगू नका. मुलाला मलबेरी रो या रस्त्यावर न्या. घराशेजारून जाणाऱ्या या रस्त्यावर कारखाने आणि झोपड्या होत्या. १७९४ साली सुरू झालेल्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची मुले काम करीत. आपल्याहून थोडी मोठी मुले दिवसभर काय करीत होती, हा प्रश्न त्याच्या वयाचा आहे.

आणि निघण्यापूर्वी, गाड्या ठेवायच्या जागेजवळ झाडीत गुलामांची दफनभूमी आहे, तिथे थांबा. चाळीसहून अधिक थडगी आहेत, बहुतेकांवर नाव नाही. बस पकडण्याच्या घाईत ती सहज राहून जाते.

नवनागरिक

एक माहिती जोडतो. १९६३ पासून दर ४ जुलैला माँटिचेलोच्या हिरवळीवर नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. माझ्या पत्नीने तिथेच शपथ घेतली. कडक ऊन होते. शपथेनंतर ज्याला बोलायचे असेल त्याला ध्वनिक्षेपकावर बोलू देतात. इराकचे एक गृहस्थ, घानाच्या एक परिचारिका असे बरेच जण बोलले. पत्नी आदल्या दिवशी मलबेरी रोवरून फिरून आली होती, आणि शपथ कुठे घ्यावी याविषयी रात्री आमचा बराच वाद झाला होता. तिने ती तिथेच घेतली. आजही याविषयी आम्हा दोघांचे एकमत नाही.

तिखटमीठ

नवनागरिक, अमेरिकेचे नागरिकत्व मिळूनही नवराबायकोचे एकमत होत नसेल, तर घटनेत तशी तरतूद नसावी.

रानजाई

सर्वांचे आभार. आम्ही जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंना बसमुळे काही त्रास झाला नाही. घर पाहून झाल्यावर त्या बागेतील विटांच्या छोट्या मंडपात बसल्या आणि आम्ही मंडळी मलबेरी रोवर गेलो. सांजवात यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. मुलाचा पहिला प्रश्न होता, खिळे करणाऱ्या मुलांना पैसे मिळायचे का? मला उत्तर येत नव्हते. मार्गदर्शक बाईंनी तिथेच काम केलेल्या आयझॅक ग्रेंजर या माणसाची आठवण सांगितली: मुलांना आठवड्याला एक पौंड मांस, डझनभर हेरिंग मासे, काकवी आणि मक्याचे पीठ मिळे, आणि जो सर्वांत चांगले काम करील त्याला लाल किंवा निळ्या रंगाचा पोशाख मिळे. मुलाने बराच वेळ विचार करून विचारले की, त्याला पोशाख नको असेल तर काम नाही केले तरी चालायचे का? बाई 'नाही' म्हणाल्या, आणि त्यांनी ते मऊ करण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडले.

सासऱ्यांविषयीची माझी धास्ती अनाठायी होती. फुले यांचा विषय मी काढण्याआधी त्यांनीच काढला. सॅली यांच्या दालनातून बाहेर आल्यावर त्यांनी मुलीला 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेविषयी सांगितले आणि दोघे पायवाटेने उतरताना तेच बोलत होते. समाधीपाशी मात्र त्यांचा शिक्षकी स्वभाव जागा झाला. दगडावर जन्मतारीख २ एप्रिल १७४३ आहे, पुस्तकात १३ एप्रिल असते. ती जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे आहे, हे त्यांनी कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका अनोळखी कुटुंबालाही समजावून सांगितले. जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ एवढी तीनच कामे त्यावर कोरायला जेफरसन यांनी सांगितले होते. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख नाही. सासरे म्हणाले की, काय वगळायचे ते ठरवण्यात हा माणूस पहिल्यापासून वाकबगार होता.

कोरा_कागद

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते वाक्य मला लागले, पण दाद देतो.

थोडी पुस्ती जोडतो. तो दगड मूळचा नाही. मूळ दगड मिसूरी विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि सध्याचा नंतर बसवलेला, आकाराने मोठा आहे. आणि घर टिकले याचे श्रेय लेव्ही कुटुंबाला द्यायला हवे. अमेरिकी नौदलातील ज्यू अधिकारी युरायाह लेव्ही यांनी जेफरसन यांच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याविषयीच्या आदरापोटी १८३४ साली ते मोडकळीला आलेले घर घेतले. नंतर त्यांच्या पुतण्याने सांभाळले, आणि १९२३ साली ते आजच्या संस्थेकडे आले. लेव्ही यांच्या आईची समाधी मलबेरी रोच्या कडेलाच आहे.

रानजाई

ती समाधी आम्ही पाहिली, पण कोणाची ते कळले नव्हते. धन्यवाद. आडवाट, पुढच्या महिन्यात माँटपेलिअरला जायचे ठरले आहे. तिथे तळघरात उतरायला उतार आहे, की पायऱ्याच आहेत? सासूबाईंना या खेपेला बागेत बसून राहायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे.

आडवाट

मी पायऱ्यांनी उतरलो होतो. जाण्यापूर्वी तिथे दूरध्वनी करून विचारा, आणि कळले की इथेही लिहा.